लग्नाची करपात्र बाजू

विवाह ही दोन जिवांना एक करणारी संस्था आहे, आणि या बाबतीत अमेरिकेचं करखातं कवींपेक्षाही कडक आहे.

मार्लिस टोलेफसनला हे डुलुथच्या कागद गिरणीत, मनुष्यबळ विभागाच्या टेबलापाशी कळलं. तिला एक मुलगा, तिच्या होणाऱ्या नवऱ्याला, गॉर्डन पेल्कीला, एक मुलगी. दोघंही गिरणीतच कामाला. पाळणाघराच्या खर्चासाठी पगारातून, कर कापण्याआधी, वर्षाला पाच हजार डॉलर बाजूला ठेवायची सोय दोघांनाही होती. ऑक्टोबरात लग्न ठरलं होतं.

"अभिनंदन," विभागाच्या डार्लाबाई म्हणाल्या. "लग्नानंतरही मर्यादा पाच हजारच."

"माणशी ना?"

"जोडप्याला मिळून."

"पण मुलं तर दोनच राहणार."

"मुलांचं काही नाही गं. तुम्ही एक झालात ना." (बाईंनी सहानुभूतीचं प्रशिक्षण घेतलं होतं. अर्ध्या दिवसाचं.)

संध्याकाळी गॉर्डन मासे साफ करत होता. त्याने ऐकून घेतलं, मनात आकडेमोड केली. "पाच हजारांवरचा कर, म्हणजे लग्न दीड हजाराला पडतंय."

"दरसाल."

त्याने साफ झालेलाच मासा पुन्हा खरवडायला घेतला. तिला ते लागलं. "विचार करतोयस?"

"तू नाही केलास?"

तिने केला होता. गिरणीपासून घरापर्यंत दुसरं काही केलंच नव्हतं. तेव्हा लग्न पुढे ढकललं. मूल तेरा वर्षांचं झालं की ही सवलत संपते, म्हणजे प्रेमाला आडकाठी उरत नाही.

दोघं एकाच घरात राहू लागली. मार्लिसची आई दर नाताळात विचारायची, "अजून तशीच राहताय?"

"आम्ही करपूर्व आहोत, आई."

सहा वर्षांत मुलगा तेराचा झाला, मग गॉर्डनची मुलगीही. पुढच्याच शनिवारी लग्न लागलं. आई तोवर राहिली नव्हती. पाद्र्याने कुणाची हरकत आहे का विचारलं. डार्लाबाई पहिल्याच रांगेत होत्या, त्यांनी मान हलवून संमती दिली.

रात्री मार्लिस पलंगाच्या कडेवर बसून राहिली. "आईला पाहायचं होतं रे."

"नऊ हजार वाचले पण," गॉर्डन हळूच म्हणाला.

"कुठे आहेत?"

दोघांनी बराच वेळ आठवून पाहिलं. बहुधा छताच्या दुरुस्तीत गेले असावेत.

वाचकांनी हसायला हरकत नाही. फक्त मागच्या मार्चअखेरीस कर वाचवायला घाईघाईने घेतलेली आयुर्विम्याची पॉलिसी एकदा उघडून पाहा. आपण कधी गेलेलं घरच्यांना परवडतं, ते तिच्यात स्पष्ट दिलेलं आहे.