न झालेल्या ऑपरेशनची केळी

भीमराजचं हर्नियाचं ऑपरेशन अडलं होतं ते डॉक्टर गुगळ्यांच्या चिठ्ठीवाचून. श्रीरामपूरकडच्या एका साखर कारखान्याच्या गोदामात तो पोती रचायचा. कारखान्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, की नगरच्या धर्मादाय दवाखान्यात कामगाराचं ऑपरेशन फुकटात होई. चिठ्ठी नसेल, तर तिथला शिपाईसुद्धा आत सोडत नसे. दसरा तोंडावर आला होता. दिवाळीनंतर बॉयलर पेटायच्या आत भीमराज ठणठणीत झाला नाही, तर त्याची हंगामाची जागा दुसऱ्याला जाणार होती. या काळजीनं बिचाऱ्याची झोप उडाली होती.

डॉक्टर माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांना कशाची घाई नव्हती, एवढंच. पहिल्या खेपेला ते म्हणाले, "आधी खोकला थांबू दे." खोकला थांबला, तर डॉक्टर पुण्याला मेव्हणीच्या बाळाच्या बारशाला गेले. बारसं उरकून आले, तर शिक्क्याच्या कपाटाची किल्ली बारशातच राहिली. शेवटी "सोमवारी नक्की," असा शब्द त्यांनी दिला आणि भीमराजची बायको जयमाला हरखून गेली. तिनं लगोलग सोनईला आपल्या आत्याला, आक्काबाईला, निरोप धाडला: सोमवारी ऑपरेशन.

सोमवारी डॉक्टरांना चिठ्ठ्यांचं पुस्तकच सापडेना.

आता, आजाऱ्याला भेटायला जायचं राहिलं तर आक्काबाईच्या माहेरी-सासरी तो जन्माचा बोल. दोन दिवसांनी ती जीप करून, सगळा गोतावळा आणि केळीच्या दोन फण्या घेऊन निघाली. जीप गल्लीत वळली तेव्हा पेशंट ओट्यावर उकिडवा बसून भाकरीबरोबर ठेचा हाणत होता.

"निजा! आदी आत जाऊन निजा!" जयमालानं त्याच्या पुढची ताटली ओढली.

"का पन? जेवू तर दे!"

"आत्या आली केळी घिऊन! इतक्या लांबून मान्सं आली आन् तुमी ठेचा खाताय! काय तोंड दाखवू मी त्यास्नी?"

भीमराज धडपडत आत गेला, गोधडी ओढून आडवा झाला आणि घाईघाईत ठेच्याचा हात डोळ्याला लावून बसला. आक्काबाई आत आली, तेव्हा जावयाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"लई दुखतंय का ओ पाव्हणं?"

"व्हय," भीमराज कण्हला. त्यात खोटं काहीच नव्हतं.

"दुखायचंच. पन झालं ना एकदाचं? सुटलात!"

भीमराजनं गोधडी तोंडावर ओढली आणि जयमाला चहा टाकायला पळाली. एवढ्यावर ऑपरेशन पार पडलं.

बाहेर थांबलेल्या जीपनं गल्लीला बातमी दिली. दुसऱ्या दिवशी गोदामातले गडी आले, मग विहारातल्या बायका आल्या. जो तो केळी नाहीतर बिस्किटं आणी आणि चहा पिऊन जाई. हर्नियाची जागाच अशी, की टाके दाखवा म्हणायची कुणाची छाती झाली नाही. जयमालाला आधी लाज वाटत होती, पण सांगून सांगून तिलाही गोडी लागली. "लई टाईम आत हुते. माझा तर जीव टांगनीला," असं ती सांगे, तेव्हा गोधडीखाली भीमराजलाही स्वतःचंच वाईट वाटे.

शेवटी एका सकाळी तो गुपचूप दवाखान्यात गेला. कंपाउंडर बन्सीनं त्याला दारातच धरलं.

"आरं, हिंडतो काय? टाके वल्ले आसतील! जा, नीज जाऊन!"

"बन्सी, चिठ्ठी पायजे रे..."

"आता कशाची चिठ्ठी? डाक्टरांना मीच सांगितलं, तुझं झालं म्हून."

भीमराज घरी येऊन गोधडीत शिरला. त्याला रडू यायचंच बाकी होतं. जागा जाणार, हर्निया राहणार आणि वर केळी खाऊन खाऊन पोट बिघडणार.

संध्याकाळी दारात स्कूटर थांबली. डॉक्टर गुगळे तणतणत आत आले.

"माझ्या चिठ्ठीशिवाय ऑपरेशन केलंस? कुणी केलं? दाखव टाके!"

जयमाला पदर तोंडाला लावून बाहेर पळाली. डॉक्टरांनी चष्मा पुसून डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"अरे, इथं तर काहीच नाही!"

"तुमी चिठ्ठीच दिली न्हाई डाक्टर, तर आसंल कसं?" भीमराजनं गोधडी परत कमरेवर ओढली.

डॉक्टर थबकले. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

"म्हणजे, माझ्या चिठ्ठीशिवाय झालं नाही?"

"न्हाई."

"होणारच नाही! कसं होईल?" डॉक्टर खुशीत बाहेर गेले. स्कूटरच्या डिकीत रेनकोटखाली हात घातला, तर चिठ्ठ्यांचं पुस्तक तिथंच होतं. शिक्का खिशात होता. उभ्या उभ्या त्यांनी चिठ्ठी फाडून दिली, दोन केळी खाल्ली आणि गेले.

त्याच आठवड्यात नगरला भीमराजचं ऑपरेशन झालं. पोती उचलता येईपर्यंत मोजायला बस, असा शब्द मुकादमानं दिला आणि जागा वाचली. घरी आल्यावर जयमालानं गोधडी झटकली, कपबशा घासून मांडल्या आणि दाराकडे बघत बसली. कुणी फिरकलं नाही. सोनईहून निरोप आला: 'आमी एकदा भेटून गेलोय. पाव्हण्यांना म्हनावं, आता कामाला लागा.'

"खरे टाके पडले, तर कुत्रं इचारीना," भीमराज भिंतीकडे तोंड करून पुटपुटला. या वेळी त्याला खरोखर दुखत होतं आणि त्याहून जास्त वाईट वाटत होतं.

जयमाला उठून बाजारात गेली. आली ती केळीची फणी घेऊन. दारात चप्पल काढली, डोक्यावर पदर घेतला आणि आक्काबाईसारखी त्याच्या उशाशी येऊन बसली.

"लई दुखतंय का ओ पाव्हणं?"

"व्हय," भीमराज म्हणाला आणि हसू आल्यानं टाके ओढले गेले, तसा आणखी जोरात कण्हला.