कान तपासणीची खोली

पाटी बदलली की मुलं येतील, असं सिस्टरांनी डॉक्टरांना छातीठोकपणे सांगितलं. सरकारी दवाखान्यात किशोरवयीन मुलांसाठी मोफत समुपदेशनाची खोली उघडून महिने लोटले, तरी समुपदेशक बाई आत एकट्याच पंख्याखाली बसून असत. मुलं येणार कशी? दारावर हातभर अक्षरांत ‘मानसिक आरोग्य’ आणि समोरच्या बाकावर अख्खी गल्ली खोकत बसलेली! लांब वेणीची एक मुलगी तर शाळा सुटल्यावर फाटकापर्यंत येई आणि पाटी वाचून मागे फिरे. तिचा उतरलेला चेहरा सिस्टरांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. ती एकदा आत यावी, एवढंच त्यांना हवं होतं.

नवी पाटी लागली: ‘कान तपासणी’. खरा प्रकार सिस्टरांनी शाळेत जाऊन मुलांना सांगून ठेवला. कानाला कोण हसतंय?

रांग लागली, पण आजोबांची. कुणाचा डावा कान गेलेला, कुणाचे दोन्ही. समुपदेशक बाईंना त्यांना परत पाठवणं जिवावर आलं. त्यांनी आपले नेहमीचेच प्रश्न विचारले, फक्त ओरडून. झोप लागते का, घरात कुणाशी बोलता का. आजोबांनीही तारस्वरात सुनांची उणीदुणी काढली. सुना बाहेर बाकावरच होत्या.

भांडण सोडवून डॉक्टर घामाघूम झाले. “पाटी काढा, सिस्टर. खोलीही बंद.”

सिस्टर स्टुलावर चढल्या. एक स्क्रू सुटला, तोच वेणीवाली मुलगी एका आजोबांचा हात धरून आत आली.

“बाळ, इथे कान तपासत नाहीत गं,” सिस्टर म्हणाल्या.

“माहितीये. हे शेजारचे आजोबा आहेत.” मुलगी पुटपुटली, “इथे सगळे आजोबांना घेऊन येतात. एकटी आले असते तर लोकांनी बघितलं असतं.”

आजोबा बाकावर टेकले. “मला स्वच्छ ऐकू येतं. पण पोरगी रडकुंडीला आली होती. जा तू आत. कुणी विचारलंच, तर मी ठार बहिरा.”

ती गेली. दार लागलं. डॉक्टरांनी स्टूल धरलं, सिस्टरांनी स्क्रू पुन्हा पिळला.

आता खऱ्या बहिऱ्यांना मोठ्या दवाखान्याची वाट दाखवतात आणि मुलं नेमानं येतात. अडचण एकच, गल्लीत मोकळे आजोबा मिळत नाहीत. काल एक मुलगा सिस्टरांच्या सासऱ्यांनाच घेऊन आला.

“बाबा, जेवलात का?” सिस्टरांनी विचारलं.

सासऱ्यांनी गंभीरपणे कानामागे हात धरला. “अं?”