कमानीवरची गुडरून

"तिचा सगळ्यात सुंदर फोटो? त्यात निवडायचं काय!" स्वेन्डने छाती फुगवून सांगितलं. "पन्नास वर्षं संसार केलाय मी!"

त्यांच्या गावाची रीतच अशी: लग्नाला पन्नास वर्षं झाली की शेजारी दारात फर वृक्षाच्या फांद्यांची कमान उभारतात, पहाटे गाणी म्हणून जोडप्याला उठवतात आणि वर त्यांच्याच घरी न्याहारी झोडतात. यंदा कमानीवर स्वेन्डच्या बायकोचा, गुडरूनचा फोटो लावायची टूम शेजारच्या बोडिलने काढली. गुडरूनला पत्ता लागू द्यायचा नव्हता. स्वेन्डने पाकिटात जपलेला फोटो दिला आणि मिशीत हसत घरी आला.

आदल्या संध्याकाळी त्यांची लेक मेरेटे धापा टाकत आली. "बाबा, शुद्धीवर आहेस ना? त्या फोटोत आई चिखलात बसलीय, मिठीत डुकराचं पिल्लू, तोंड हे एवढं उघडं! तो फोटो तिने शेगडीत घातला होता ना?"

"एक प्रत उरली होती."

"बोडिलमावशीने ती दाराएवढी करून आणलीय!"

स्वेन्डचं धाबं दणाणलं. गुडरून स्वतःच्या फोटोंबद्दल भारी हळवी. लग्नातसुद्धा दात दिसू नयेत म्हणून ओठ घट्ट मिटून उभी राहिलेली! उद्या साऱ्या गावासमोर तिचा पाणउतारा, आणि तोही नवऱ्याच्या हातून! तो फोटो काढून आणायला तसाच बाहेर पळाला. पण कमानीवर ठोकाठोक चालू होती.

"चल, आत हो!" बोडिल हातोडी नाचवत ओरडली. "ज्यांचं लग्न त्यांनी कमान आधी बघायची नसते!"

"अगं पण तो फोटो..."

"कळतंय, कळतंय! धीर नाही म्हाताऱ्याला!" आणि सगळ्यांनी त्याला हसत हसत घरात ढकललं.

पहाटे गाणं सुरू झालं. गुडरून दार उघडून बाहेर आली, मान वर केली आणि थिजलीच. दुसऱ्या ओळीवर गाणं बंद पडलं.

"हा कोणी दिला?"

"मी," स्वेन्ड पुटपुटला.

"का रे?" तिने त्याच्याकडे वळून विचारलं.

"त्या वर्षी आई गेली होती माझी. घर कसं मुकं झालं होतं. तू ओरडलीस, 'मेल्या, कॅमेरा ठेव आणि पिल्लू धर!' कितीतरी दिवसांनी हसलो गं मी. माझा तोच आवडता आहे."

गुडरूनने बाहीने डोळे पुसले. सगळ्यांदेखत त्याचा हात धरला. "वेडा आहेस," ती म्हणाली, आणि ह्या वेळी हसताना ओठ मिटायचं विसरून गेली. स्वेन्डचा जीव भांड्यात पडला.

मग ती त्याला कमानीच्या पलीकडच्या बाजूला घेऊन गेली. बोडिलने तिलाही गुपचूप गाठलं होतं!

वर दाराएवढा स्वेन्ड. ढकलगाडीत आडवा, घोरतोय, पोटावर मांजर.

"हा? अगं, सगळं गाव बघेल! आधी उतरवा तो!"

"फांद्या सुकेपर्यंत कमान उतरवायची नाही," बोडिलने बजावलं आणि ती न्याहारीला आत शिरली.

त्याच दिवसापासून नोव्हेंबरची झड लागली. भिजलेल्या फांद्या नाताळ उलटला तरी हिरव्यागार होत्या, आणि कमानीवर स्वेन्ड घोरतच होता.