अपेक्षित आयुर्मानाचा रकाना

मृत्यू अनिश्चित असला, तरी त्याचा रकाना अनिवार्य असतो. या सत्याची प्रचिती आम्हाला महिला विशेष निवृत्ती नियोजन कक्षात येत होती. पडद्यावर एकच चौकोन लुकलुकत होता : ‘ग्राहक किती वयापर्यंत जगणार?’

ग्राहक म्हणजे माझी आत्या. (तिला नाव आहे, घरात त्याची गरज पडत नाही.) रुग्णालयाच्या एक्स-रे विभागात तेहतीस वर्षे ती परक्यांच्या छातीतला काळोख उजेडाला धरून पाहत आली. पुढच्या महिन्यात निवृत्त झाल्यावर रुग्णालयाने दिलेली जागा सोडून, भाड्याची खोली घेऊन एकटी राहणार, असे तिने जाहीर केले होते. म्हणून आम्ही तिला सोबत करायला आलो होतो. (कक्ष केवळ महिलांसाठी असल्याने तिथे पाच खुर्च्या होत्या : एक महिलेची, चार तिच्या वतीने बोलणाऱ्यांच्या. बाबा, आई आणि मी बसल्यावर उरलेलीवर आईची पर्स बसली.)

“तुमच्या रकमेत सदुसष्टपर्यंत छान निघेल,” सल्लागारबाई म्हणाल्या. “पण बायका जास्त जगतात, असं आमचा संगणक धरून चालतो.”

बायकांचा हा उधळेपणा सर्वश्रुतच आहे.

“मग सदुसष्टच टाका की,” आई म्हणाली. “वन्सं काही हट्ट करणाऱ्यातल्या नाहीत.”

“अण्णा चौऱ्याऐंशी जगले,” बाबा स्वतःच्या वडिलांच्या आठवणीने पुटपुटले.

“त्यांचं करायला माणूस होतं. रजा काढून वन्सं होत्या ना!”

मग आम्ही काटकसरीकडे वळलो. वर्तमानपत्र बंद केल्यास आत्याचे आयुष्य चार महिन्यांनी वाढत होते. गुडघ्याची शस्त्रक्रिया रद्द केल्यास पावणेदोन वर्षांनी. (न चालणारा माणूस इतरत्रही खर्च करीत नाही, हा वेगळा लाभ.) आणि भाड्याच्या खोलीचा नाद सोडून ती आमच्या जिन्याखालच्या खोलीत राहायला आली, तर तब्बल अकरा वर्षांनी. त्या खोलीला खिडकी नाही. म्हणजे पडद्यांचा खर्चही नाही. शिवाय सकाळच्या पोळ्यांचा प्रश्न सुटून आईच्या कंबरेला आराम. एकूण झाली ऐंशी वर्षे आणि एक महिना. कुटुंब जिव्हाळ्याने एकत्र बसले, की एखाद्याला तेरा वर्षे अशी हसतहसत बहाल करता येतात.

“महिना सोडून देऊ,” सल्लागारबाई म्हणाल्या. “आम्ही पूर्णांकच घेतो.”

“मागेपुढे थोडं चालतंच,” आई उदारपणे म्हणाली.

‘श्वास रोखा’ म्हणून काचेमागे उभे राहावे, तशी आत्या इतका वेळ पडद्याकडे पाहत होती. आता तिने कळफलक स्वतःकडे ओढला आणि ब्याण्णव लिहिले. पडदा लालभडक झाला.

“बाई, आता अण्णांच्या घरातला माझा अर्धा वाटा धरा,” ती म्हणाली.

बाईंनी धरला. पडदा हिरवा झाला. गुडघा, वर्तमानपत्र आणि खिडकी यांच्यासकट हिरवा.

हे नियमाला सोडून होते. अण्णा गेल्यावर आठव्या दिवशीच आत्याने त्या, म्हणजे आता आम्ही राहतो त्या, घरावरचा हक्क सोडल्याच्या कागदावर सही केली होती. सही करताना “कुठे करू?” एवढेच तिने विचारले होते, यावरून तिची संपूर्ण संमती सिद्ध होते. (पेनही तिचेच होते.)

“दादा, तुझ्या तोंडाकडे बघून सही केली होती,” आत्या म्हणाली. “आता तू बघ माझ्याकडे. धरू ना हा आकडा?”

बाबांनी पंख्याकडे पाहिले. मग त्यांना एकाएकी खाली लावलेली स्कूटर आठवली आणि ते उठून गेले. (स्कूटर नीटच लावलेली होती, मीच लावली होती.)

वाचकांपैकी काहींना बाबांचा राग आला असेल. खुशाल येऊ द्यावा. रागावर कर नाही. नियोजनाच्या सोयीसाठी फक्त एवढीच माहिती पुरवावी : ज्या घरात बसून आपण हे वाचत आहात, त्या घराच्या कागदांत आपल्या बहिणीची, आत्याची सही कितव्या पानावर आहे?

अहो, पुस्तक मिटून कुठे निघालात?