बेचाळीस फुटांचा पंचनामा

समाजाची घडी फुटांवर बसलेली असते. घरावर काय आहे याला फारसं महत्त्व नाही. ते कोणाच्या घरावर किती फूट आहे, यावर गावाची शांतता टिकते. सोनखासची शांतता १९८७ पर्यंत उत्तम होती. देवळाचा कळस अडतीस फूट. त्याखाली अनंतरावांचा टीव्हीचा अँटेना, एकतीस फूट (अनंतराव सेवानिवृत्त हेडक्लार्क, ग्रामशांतता कमिटीचे अध्यक्ष, कमिटी त्यांनीच नेमली होती). मग उतरत उतरत खालच्या आळीतली कवेलूंची छपरं, नऊ फूट.

या नऊ फुटांखाली खुशाल मास्तर राहायचे. शाळेत विज्ञान शिकवायचे आणि, दुर्दैवाने, त्यावर विश्वासही ठेवायचे. त्यातून त्यांना हौशी रेडिओचा नाद लागला. घरी यंत्र बांधायचं, तार टांगायची आणि दूरदूरच्या अनोळखी माणसांशी बोलायचं, असा हा सरकारमान्य छंद. मास्तरांनी परीक्षा दिली, मोर्सचं कट्ट-कडकट्टही शिकले. पोलीस चौकशीला तीन वर्षं लागली (इंद्रवेल्लीत पोलिसांनी आदिवासींवर केलेल्या गोळीबारानंतर या पट्ट्यात तार दिसली की ठाण्याला झोप लागत नसे). शेवटी दिल्लीहून दोन वर्षांचा परवाना आला. अट एकच: मुदतीत चाळीस केंद्रांशी बोलल्याची वही दाखवा, नाहीतर परवाना बाद.

मास्तरांनी जुन्या व्हॉल्व्हचं यंत्र बांधलं, करवतीच्या पात्याची मोर्स-की केली आणि बोअरचे दोन पाइप जोडून, चार बाजूंनी ताण देऊन, अंगणात खांब उभा केला. खांब बेचाळीस फूट भरला.

आठ दिवसांत एकतीस तक्रारी आल्या. अकरा घरांच्या टीव्हीवर आडव्या रेघा उमटल्या. त्यांपैकी सात घरी टीव्ही नव्हता, यावरून लहरींचा जोर लक्षात यावा. कुसुमबाईंची म्हैस दूध चोरू लागली (म्हैस पोळ्यालाच विकली होती, पण विकलेल्या म्हशीलाही मन असतं). ढग फाटले. एका जावयाने दुसऱ्याच दिवशी परतीची वाट धरली. एका अर्जात ‘खांब कळसाच्या चार फूट वर जातो’ असंही होतं, पण ते वाक्य अनंतरावांनी स्वतः शाईने खोडलं. कमिटी पुरोगामी होती.

चौकशीला महसूल खात्याचे गिरदावर चंपतराव आले. सोबत जमीन मोजायची साखळी, म्हणजे जरीब. खात्याकडे मोजायला दुसरं काही नव्हतं.

“मास्तर, खांब आडवा करा लागते,” चंपतराव म्हणाले. “जरीब उभी नाई राहत.”

“आन् कळस? तो कसा मोजला?”

“कळसाचं अनंतरावांनी सांगतलं न.”

खांब आडवा झाला. मोजला. लांबी बेचाळीस फूट निघाली, पण तक्रार उंचीची होती. चंपतराव नियमाचे पक्के. त्यांनी आडव्या खांबाचीच उंची घेतली आणि पंचनामा लिहिला: ‘सदर खांब मौक्यावर आडवा आढळला. उंची चार बोटं. सबब तक्रारीत तथ्य नाही. मौक्यावरील स्थितीत कोणताही बदल करण्यास मनाई.’ मास्तर निर्दोष सुटले. साक्षीदार म्हणून अनंतरावांनी सही केली आणि मास्तरांचं अभिनंदनही केलं. “पाह्य खुशाल, कायदा तुह्याच बाजूनं आहे.”

निर्दोष ठरलेल्या माणसाला अपील करता येत नाही, हे मास्तरांना इचोड्याच्या कचेरीत कळलं. आदिलाबादच्या कचेरीने तेलुगूत कळवलं, खांबाची पहाणी-नक्कल, म्हणजे शेताचा उतारा, जोडा. खांब शेत नाही, असं मास्तरांनी लिहून दिलं. मग खांब शेत नसल्याचा दाखला मागितला गेला. यात अठरा महिने गेले. खांबावर दोडक्याचा वेल चढला. वही कोरीच होती.

सहा महिने उरले तेव्हा मास्तरांच्या पत्नी चंद्रभागाबाईंनी विचारलं, तार आडवी चालते का?

“चालते. उंच पायजे, पण चालते. काऊन?”

“मंग वलणी म्हणून बांधा. आपल्या वलणीकडं कोन पाह्यते?”

मास्तरांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं होतं. हे संशोधन मात्र त्यांच्या हातून झालं नव्हतं. खालच्या आळीतले कपडे वाळत असले की वरच्या आळीचा माणूस मान फिरवून, वळसा घालून जातो. त्या सावलीतही पाय पडू देत नाही. म्हणजे बिनपगारी पहारा, तोही पिढ्यान्‌पिढ्यांचा. निंबाच्या दोन झाडांमध्ये, सात फुटांवर, सहासष्ट फूट तांब्याची तार ताणली गेली. दिवसभर तिच्यावर लुगडी वाळायची. सांजेला चंद्रभागाबाई ती काढून घ्यायच्या आणि मास्तर नागपूरला हाक मारायचे. कमिटीने या काळात तीनदा पाहणी केली. खांब आडवाच आढळला.

पाच महिन्यांत वहीत एकेचाळीस केंद्रं भरली. हवेवरची माणसं तशी अडाणीच. हाकखूण (कॉल-साइन) विचारतात, नाव विचारतात, गाव विचारतात, आवाज किती स्वच्छ येतो ते सांगतात आणि पुढे काही विचारतच नाहीत. एकेचाळिसांपैकी एकानेही मास्तरांचं आडनाव विचारलं नाही.

या कथेतही ते कुठे आलेलं नाही. तरी ज्या वाचकांनी ते दुसऱ्याच परिच्छेदात आपलं आपण लावून घेतलं, त्यांनी सोनखासला अर्ज पाठवावा. कमिटीत एक जागा रिकामी आहे. अनुभवाची अट नाही. तो तुमच्याकडे आहेच.