सांजच्याले वापस

माझ्या सख्ख्या भावाच्या लग्नात दौलतभाऊंनी नवरदेवाच्या डोक्यावर अक्षता टाकल्या, तेव्हा नवरदेव दाढी करत होता. अंगात बनियान, गालाला साबण, हातात आरसा. लग्न वणीला, मुहूर्त संध्याकाळचा. दौलतभाऊ बारा वाजता आले, पंगत बसायच्या आधीच स्वयंपाक्याकडून ताट वाढून घेऊन जेवले, नवरदेवाच्या ओल्या केसांवर अक्षता टाकून "सुखी राह्य बापा" म्हणाले आणि मोटरसायकलला किक मारली.

मी मागे धावलो. "अहो भाऊ, लग्न तरी लागू द्या!"

"लागते ना. माह्याबिगर बी लागते. मले सांजच्याले वापस जा लागते."

आर्णीत आमची दोन कृषी केंद्रं समोरासमोर आहेत. बियाणं, खत, फवारणीची औषधं तेही विकतात, मीही विकतो. वीस वर्षं आम्ही एकमेकांची गिऱ्हाइकं मोजत बसलो आहोत, त्यामुळे या माणसाची खोड न् खोड मला तोंडपाठ. वय साठीच्या घरात, वजन शंभरच्या पार, लग्न केलं नाही. आणि जन्मात एक रात्र घराबाहेर झोपले नाहीत. कोणी मुक्कामाचा आग्रह केला की एकच उत्तर, "सांजच्याले वापस."

बरं, माणूस घरकोंबडा म्हणावा तर तसंही नाही. दर रविवारी गाडी बाहेर. सहस्रकुंड, टिपेश्वर, माहूर, कळंबचा चिंतामणी, केळापूरची देवी. सकाळी जाऊन दिवेलागणीच्या आत परत येता येईल असं एकही ठिकाण त्यांनी सोडलेलं नाही. एकदा सहस्रकुंडला मी त्यांच्या सोबत गेलो आणि कान धरले. धबधब्यापुढे जेमतेम दहा मिनिटं उभे राहिले असतील, पण त्यात बियाणं कंपनीची फुकटची डायरी काढून काय काय खरडलं! पाण्याचा आवाज कसा, तर "जिनिंगच्या मशीनसारखा, पन थंडा." भजीवाल्याच्या सदऱ्याला किती गुंड्या, ते लिहिलं. पुजाऱ्याच्या दाढीपाशी तर अडूनच बसले.

"गजू, पांढरी हाये ना?"

"हो, पांढरी."

"किती पांढरी? पयल्या वेच्याच्या कापसासारखी का शेवटच्या?"

पहिल्या वेचणीचा कापूस सगळ्यांत शुभ्र आणि शेवटचा मळका, हे खरं, पण मी म्हटलं, अहो दाढी आहे ती, कापसाची गाठ नव्हे! तर म्हणाले, "नाई बापा, ताई विचारते." शेवटी "मदल्या वेच्याची" असं लिहून झालं, एक गोटा उचलून खिशात टाकला आणि चला म्हणे वापस.

ही ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, इंदूताई. लहानपणी पोलिओने दोन्ही पाय गेले. वडील होते तोवर तिला खांद्यावर बसवून शाळेत नेत. ते गेले आणि चौथीत ताईची शाळा सुटली. आई आधीच गेलेली. तेव्हापासून घरात ही दोघंच. ताईने बसल्या बसल्या चूल सांभाळली आणि भावाला मोठं केलं. भावाने ताईला उचलून आत-बाहेर केलं. आम्ही बाजारातले लोक मात्र ठामपणे समजत होतो की दौलतभाऊ बहिणीला भितात. मीही त्यांना फार चिडवलं. "भाऊ, पळा, छडी घेऊन बसली असंल ताई!" आता आठवलं की माझाच मला राग येतो.

कारण एकदा संध्याकाळी उसन्या दिलेल्या खताच्या वसुलीच्या निमित्ताने मी त्यांच्या घरी गेलो, तर भाऊ ताईपुढे जमिनीवर मांडी घालून बसलेले, डायरी उघडी. ताई म्हणत होती, "पयल्यापासून सांग. काही गाळू नको." आणि हा शंभर किलोचा माणूस हातवारे करून तिला टिपेश्वरचा वाघ सांगत होता. खिडकीत गोट्यांची रांग लावलेली. मी वसुलीचं बोललोच नाही, चहा पिऊन परत आलो.

ताईंचं एकच गाऱ्हाणं होतं. शाळेतला त्यांचा शेवटचा धडा बेटाचा. "चारही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या भूभागास बेट असे म्हणतात." बाई पाठ करून घेत होत्या, आणि दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद. "दौलत, थे बेट कसं रायते रे?" असं त्या अधूनमधून विचारत. आणि इथे भाऊंची पंचाईत. आर्णीहून समुद्र पाहून सांजच्याले वापस येता येत नाही.

खत-बियाणं खपवलं की कंपन्या आम्हा दुकानदारांना परदेश दाखवतात. भाऊंनी बँकॉक नाकारलं, दुबई नाकारलं. कंपनीचा पोरगेलासा साहेब समजावून थकला. "विमान सांजच्याले वापस येते का? नाई? मंग राहू द्या." यंदा साहेब ग्रीसचं पत्र घेऊन आला, तेव्हा मी मुद्दाम रस्ता ओलांडून ऐकायला गेलो.

"रोड्स नावाचं बेट आहे, भाऊ."

"बेट? चारी बाजूनं पानी?"

"हो."

"तिकिटं किती?"

"दोन."

भाऊंनी पत्राची घडी करून खिशात घातली. मग म्हणाले, "माही बहीण येईन. थे संगं असली तं वापस कोनासाठी याचं?" आणि भर हंगामात दुकानाचं शटर खाली ओढून घरी गेले. व्हिसाच्या अर्जात प्रवासाचा उद्देश विचारला होता. तिथे भाऊंनी लिहिलं, "चारी बाजूचे पाणी बघणे." साहेबाने कपाळाला हात लावला, पण व्हिसा मिळाला.

सहलीत मी, माझी बायको आणि जिल्ह्यातले बाकीचे दुकानदारही होतो. आम्ही रोड्सला पोचलो आणि पहिल्याच सकाळी भाषेचा घोळ झाला. त्यांच्या भाषेत 'हो'ला 'ने' म्हणतात. आणि 'नाही'ला 'ओही'. नाश्त्याला भाऊंनी ऑलिव्हच्या वाडग्याकडे बोट दाखवून वेटरला विचारलं, "हे घेऊ?" वेटर हसून म्हणाला, "ने, ने!" भाऊंनी अख्खा वाडगा स्टीलच्या डब्यात ओतला. मग चीज. ते पण "ने." मग पाव. साहेब धावत आला. "भाऊ, ने म्हणजे हो म्हणतोय तो!"

"मंग तेच तं! हो म्हंजेच ने. लय मोठ्या मनाची मानसं हायेत बा, काहीबी विचारा, ने म्हंतेत."

त्या दिवशीची सहल किनाऱ्यावरच्या एका गावाची होती. पांढरी घरं, डोक्यावर डोंगर, डोंगरावर जुना किल्ला, त्यात देवळाचे खांब. बसमधून समुद्र दिसत होता, सगळे खिडकीला चिकटले होते. ताई मात्र नाखूश. "हे कायचं बेट? पानी तं एकाच बाजूनं हाये. एवढा तं आपला धरनाचा तलाव बी दिसते."

गाइडबाई म्हणाली, सगळीकडचा समुद्र किल्ल्यावरून दिसतो. आणि ताईंच्या चाकाच्या खुर्चीकडे पाहून पुढचं इंग्रजीत हळूच साहेबाला सांगितलं. साहेबाने खाली मान घालून आम्हाला सांगितलं. पायऱ्याच पायऱ्या आहेत, ताई बसमध्येच थांबतील.

"नाव रोड्स आन रोड एक बी नाई!" मी चिडून म्हटलं. एवढ्या लांब आणून बाईला बसमध्ये बसवायचं? ताई पदराने चष्मा पुसत बसल्या. भाऊंचा चेहरा मला बघवेना.

चौकात गाढवं उभी होती. लोकांना वर नेणारी, पाठीवर लाकडी खोगीर घातलेली. भाऊ तडक गाढववाल्या म्हाताऱ्याकडे गेले. आधी ताईकडे बोट दाखवलं, मग तिच्या पायांकडे, मग किल्ल्याकडे. "बाबा, इले वर नेऊ?"

म्हाताऱ्याने ताईंना नीट न्याहाळलं आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "ने! ने!"

"भाऊ, तो नुसतं हो म्हणतोय," साहेब म्हणाला.

"मले दोन्ही समजलं."

मग भाऊंनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. म्हाताऱ्याने त्यांच्या पोटाकडे पाहिलं, गाढवाकडे पाहिलं आणि जोरजोरात मान हलवली. "ओही, ओही!"

भाऊंनी आम्हाला अर्थ सांगितला, "म्हंते, ओही जाईन. म्हंजे थेच, एकटीच." तो अर्थ चुकला असं तरी कसं म्हणावं? पायी चढायला भाऊंचे गुडघे तयार नव्हते. त्यांनी सगळ्यांत पांढरं, गरीब गाढव निवडलं, ताईला उचलून वर बसवलं आणि खांद्यावरच्या दुपट्ट्याने कापसाचं गाठोडं बांधावं तशी खोगिराला घट्ट बांधली. "गजू, तू अन् वहिनी दोन बाजूनं चाला. माहे गुडघे नाई आयकत." मी खरं तर खाली थंडगार कॉफी प्यायचा बेत केला होता. पण त्या आवाजापुढे नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.

वरच्या दारापाशी गाढव थांबलं. पुढे पायऱ्या. तिथे आमचे जिल्ह्यातले दुकानदार धापा टाकत बसले होते. मी म्हटलं, "पन्नास किलोची बोरी एका हातानं फेकता ना रे? उठा!" पहारेकऱ्याने स्वतःची प्लास्टिकची खुर्ची दिली, चौघांनी चार पाय धरले.

"हळू रे! मले युरिया समजले का?" ताई ओरडल्या. पण हसत होत्या.

देवळाच्या खांबांपाशी खुर्ची टेकवली. ताईंनी डावीकडे पाहिलं, एक बोट दुमडलं. समोर पाहिलं, दुसरं. उजवीकडे पाहिलं, तिसरं. जिथे बघावं तिथे निळं पाणी. मी विचारलं, "आणि चौथी बाजू, ताई?"

"चौथी त्या डोंगराआड हाये. थे आपन मानून घिऊ."

मग त्यांनी चष्मा नीट केला, पाठ ताठ केली, हाताची घडी घातली आणि चौथीतल्या पोरीच्या खणखणीत आवाजात म्हटलं, "चारही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या भूभागास बेट असे म्हणतात!"

आमच्या दुकानदारांनी काय टाळ्या पिटल्या! तिकडची, कुठली कुठली गोरी माणसंसुद्धा काही न समजता टाळ्या वाजवायला लागली. माझी बायको रडत होती. मीही रडलो, लपवत नाही.

उतरताना वाटेत ताईंनी एका गोट्याकडे बोट दाखवलं. गाढववाला म्हणाला, "ने." मी उचलून त्यांच्या हातात दिला.

खाली चौकात भाऊ चाकाच्या रिकाम्या खुर्चीची दांडी धरून, जिथे सोडले तिथेच उभे. पाण्याची बाटलीसुद्धा उघडली नव्हती. आम्हाला पाहताच ओरडले, "लय वेळ लावला व ताई! जीव टांगनीले लागला माहा!"

ताई गाढवावरूनच म्हणाल्या, "दोन घंटे झाले फक्त. तू चाळीस वर्सं दर रविवारी दिसभर लावून राह्यला, म्या कधी बोलली का?"

भाऊ पुढे झाले. त्यांनी गाठ सोडली, ताईला उचलून खुर्चीत बसवलं. तिने गोटा त्यांच्या तळहातावर ठेवला. तो त्यांनी उलटासुलटा करून पाहिला, खिशात घातला आणि दुखऱ्या गुडघ्यांनी कण्हत तिच्यापुढे फरशीवर मांडी घातली. बसवाला हॉर्न वाजवत होता. साहेब घड्याळ दाखवत होता. भाऊंनी डायरी उघडली, पेनाचं टोपण काढलं.

"सांग मंग. पयल्यापासून. काही गाळू नको."

"तं आयक," ताई म्हणाल्या. "गाढव पांढरं होतं."

ते गाढव भाऊंनी स्वतः निवडलं होतं, स्वतःच्या हाताने ताईला त्याच्यावर बांधलं होतं, आणि आत्ता ते त्यांच्या पाठीशीच उभं होतं. तरी मागे न बघता त्यांनी विचारलं, "किती पांढरं?"

"पयल्या वेच्याचं," ताई म्हणाल्या, आणि भाऊंनी लिहून घेतलं.