किंमत उतरली की उठणारे नाना

जुना ट्रॅक्टर बघायला गेल्यावर डीलरने किंमत उतरवली की घेणाऱ्याचा चेहरा खुलतो. नाना मात्र उठून चपला घालतात. "उतारला मंजे खोट हाय," एवढंच बोलायचं आणि रस्त्याला लागायचं. मागून डीलर हाका मारत आणखी उतरतो, तसतसा नानांचा वेग वाढतो.

नाना भिसेगावात आमच्या शेजारी राहतात. दोन खोल्या, एकटे. बायको गेली, एकुलता एक मुलगा अपघातात गेला, डोंगराखालच्या गावातली जमीन विकून टाकली, एवढंच मला ठाऊक होतं. स्वतःचं टीचभर शेत नाही, पण ओळखीतलं कुणी जुना ट्रॅक्टर घ्यायला निघालं की हे न बोलावता तयार. काखेत दुमडलेलं गोणपाट. ते अंथरून ट्रॅक्टरखाली शिरतात ते अर्धा अर्धा तास बाहेर येत नाहीत. एका डीलरने मला हळूच विचारलं होतं, की म्हातारा श्वास घेतोय ना.

खाली शिरण्याआधी इंजिनला हात लावून बघतात. गरम लागलं, तर गिऱ्हाईक यायच्या आत चालू करून ठेवलंस म्हणजे गार असताना सुरू होत नाही, असं त्या माणसाला चारचौघांत सुनावतात. तेलाची काडी उपसून तेल अंगठ्यावर घेतात, हुंगतात आणि तोंड वाकडं करतात. चांगल्या तेलालाही त्यांचं तोंड वाकडंच होतं. कर्जत-खालापूरकडचे डीलर त्यांना ओळखून आहेत. एकाने तर निरोप धाडला होता, नानांनी घरीच बसावं, रोजचा चहा आम्ही पोचवू.

यंदा मी ट्रॅक्टर घ्यायचं ठरवलं. मी कंपनीत नोकरी करतो, शेती मुलगा निलेश बघतो. आमची खाचरं उतारावर. भाड्याचा ट्रॅक्टर सगळ्यांचं उरकून आमच्याकडे शेवटी येतो, तोवर भाताची रोपं जून होतात. गेल्या साली निम्मं शेत पड राहिलं. यंदाही तसंच झालं तर हायवेवरच्या गोदामात कामाला लागतो, असं निलेशने सांगून टाकलं होतं. लावणीसाठीच्या चिखलणीच्या आत ट्रॅक्टर आला नसता तर आमची शेती तिथेच संपली असती. आणि नानांनी लागोपाठ तीन सौदे मोडले.

चौथा ट्रॅक्टर कुंभिवलीला होता. रंग नवा, टायर बरे. डीलर दोन वाक्यांत तीस हजार खाली आला. इसारासाठी माझा हात खिशात गेला आणि नाना उठले.

माझं डोकंच फिरलं. हायवेच्या कडेला त्यांना गाठून मी नको नको ते बोललो. तुमचं काय जातंय, तुमचं कोण आहे शेतात राबायला, इथपर्यंत बोलून गेलो. ते शब्द मला आजही टोचतात.

एक कंटेनर धडधडत गेला.

"माज्या सुरेशचा ट्रॅक्टर मीच ठरवला रं," नाना म्हणाले. "चाळीस हजार पाडून घेतलं. डीलरला कसा वाकवला, त्ये गावभर सांगत फिरलो. तो का वाकला, त्ये इचारलंच नाय. आठव्या दिवशी उतारावर बिरेक लागला नाय. मी बांधावरच उभा होतो."

त्यांनी गोणपाट या काखेतून त्या काखेत घेतलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिथून आम्ही खालापूरला निजामभाई नावाच्या डीलरकडे गेलो. निजामभाईंनी किंमत सांगितली आणि वर बजावलं, की यातला एक रुपया कमी होणार नाही. नानांनी का म्हणून विचारलं.

"बिरेकचं सगळं नवीन टाकलंय नाना. त्ये काढून स्वस्तात देऊ काय?"

नाना गोणपाटावर आडवे झाले. बाहेर आले तेव्हा केसांना ग्रीस लागलं होतं. मी सवयीने घासाघीस करायला तोंड उघडलं, तर माझ्याच दंडाला धरून त्यांनी मला गप्प केलं आणि पैसे काढायला सांगितलं.

ट्रॅक्टर शेतावर आला त्या सकाळी निलेश नारळ फोडून सीटवर चढायला गेला. नानांनी त्याला बाजूला केलं आणि स्वतः चढले. सुरेश गेल्यापासून ते ट्रॅक्टरवर बसले नव्हते. पाय पेडलपर्यंत नीट पोचत नव्हते. खाचरात उतरणाऱ्या वाटेवर ऐन मध्यावर त्यांनी ट्रॅक्टर थांबवला. हँडब्रेक ओढला, गिअर मोकळा केला, उतरले, आणि उताराच्या खालच्या अंगाला, ट्रॅक्टरच्या अगदी पुढ्यात, त्याच्याकडे पाठ करून उभे राहिले.

मी बाजूला व्हा म्हणून ओरडलो. नाना हलले नाहीत. इंजिन चालू होतं. निलेश पुढे धावणार होता, त्याला मी धरून ठेवलं. नानांचे डोळे मिटलेले होते की उघडे, ते आम्हाला दिसत नव्हतं. ट्रॅक्टर जागचा हलला नाही.

बऱ्याच वेळाने, मागे न बघताच, त्यांनी निलेशला हाक मारली.

"ये रं बाला. बस आता."